सिंगापूरला जाऊन गप्प बसायला शिकले

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ आहे. माझं काम म्हणजे सांगणं. सकाळी काय खा, रात्री काय टाळा, भात किती, भाकरी किती. समोरचा माणूस मान डोलावतो, घरी जातो आणि रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुढे बसला की मला साफ विसरतो. पुढच्या खेपेला तोच माणूस, तेच वजन आणि तीच डोलणारी मान. या मानांचा मला कंटाळा आला होता.

अशातच हेल्थ अँड वेलनेस कोच नावाच्या कामाबद्दल ऐकलं. माणसाला काय करायचं ते सांगायचं नाही, त्याला स्वतःला काय बदलायचं आहे ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं आणि ते जमेपर्यंत त्याच्या सोबत राहायचं, असं काहीसं ते काम होतं. त्याचं छोटं पण रीतसर प्रशिक्षण सिंगापूरला मिळत होतं, आणि सिंगापूरला माझा मामेभाऊ शिरीष राहत होता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जा की. तू दोन आठवडे कुणाला सल्ला दिला नाहीस तर कोल्हापूर काही बंद पडत नाही."

ते बरोबरच होतं. बॅग भरली.

वुडलँड्स

शिरीषचं घर बेटाच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सला. सरकारी इमारतीतला नीटनेटका फ्लॅट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची चिंचोळी पट्टी दिसते, तिच्यावरचा पूल दिसतो आणि पलीकडे मलेशिया. चहा गाळता गाळता परदेश दिसावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याची बायको केतकी म्हणाली, "ताई, आम्ही भाजी आणायलासुद्धा जातो हो तिकडे कधीकधी."

सिंगापूरच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर, जवळजवळ प्रत्येक खिडकीखाली लाल-पांढरा झेंडा बांधलेला. गणपतीच्या आधी आमच्या पेठेला जी कळा येते, तशी त्या उंच इमारतींना आली होती. फक्त ढोल नव्हते.

पहिल्या दिवशी शिरीषची मुलगी इरा मला गाडीचा रस्ता दाखवायला आली. इरा प्राथमिक शाळेत शिकते, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्यावर मी सवयीनं डबा काढला आणि शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकला. इराचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्या! कॅनॉट लाह! नो ईटिंग ऑन द ट्रेन, दे फाइन यू!"

आता तोंडातल्या लाडवाचं काय करायचं? चावावा तर खाल्ल्यासारखं दिसतं, काढावा तर त्याहून वाईट. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी लाडू गालात धरून बसले. समोरच्या म्हाताऱ्या चिनी बाईंनी माझ्या गालाकडे पाहिलं, स्वतःच्या गालावर हात ठेवून "दात?" असं खुणेनं विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी अतिशय सहानुभूतीनं मला बसायला आणखी जागा करून दिली. इरा हसून हसून लोळायची बाकी राहिली होती.

क्वीन्सटाउन

वर्ग क्वीन्सटाउनला होता. हा शहरातल्या जुन्या सरकारी वसाहतींपैकी एक भाग. एका बाजूला अलेक्झांड्रा रस्त्यावरची काचेची ऑफिसं, दुसऱ्या बाजूला बुटक्या-उंच जुन्या इमारती, त्यांच्याखाली दुकानं, देवळं आणि सकाळपासून गजबजलेली हॉकर सेंटर, म्हणजे एका मोठ्या छपराखाली मांडलेली खाण्याची छोटी छोटी दुकानं. श्रावण लागायला अवकाश होता, त्यामुळे मला खायला मोकळं रान होतं. मी पोपिया नावाची भाज्या भरलेली गुंडाळी खाल्ली, वाफाळलेले तांदळाचे रोल खाल्ले, आणि कोपी नावाची ती दाट, गोड, काळसर कॉफी प्यायले. आहारतज्ज्ञ म्हणून तिच्यावर मत देण्याचं मी टाळते. दुसऱ्या दिवशी कोपीवाल्या बाईंनी मला "आंटी" म्हटलं. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या. शिरीषनं नंतर सांगितलं की तो मान असतो. मी मान म्हणून स्वीकारला.

आमच्या शिक्षिका मिसेस गोह. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, आखूड केसांच्या. पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर एक पितळी घंटी ठेवली.

"तुम्ही दोघं दोघं बसा," त्या म्हणाल्या. "एकानं आपली एक अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची, प्रश्न विचारायचे. सल्ला दिलात की मी घंटी वाजवणार."

माझ्या जोडीला रोस्ना नावाची मलाय नर्स होती, प्रसन्न आणि गोल चेहऱ्याची. ती म्हणाली, "मला हल्ली झोप लागत नाही."

मी म्हणाले, "रात्री हळदीचं दूध घे."

टिंग.

"नाही, म्हणजे, मोबाइल बघतेस का झोपताना? तो बंद कर."

टिंग.

"बरं. जेवण किती वाजता करतेस? कारण खरं तर सातच्या आत—"

टिंग टिंग टिंग. रोस्ना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शेवटी मी ओठ मिटून बसले, आणि मग ती आपणहून बोलू लागली. तिची आई आजारी होती. रात्री आईच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो का, याकडे तिचा कान असायचा. हळदीच्या दुधाचा याच्याशी काय संबंध होता? मी तिला काहीच सांगितलं नाही, आणि उठताना तीच म्हणाली, "भावाला सांगते, आठवड्यातले दोन दिवस तू आईजवळ झोप. मला हे सुचलंच नव्हतं."

मिसेस गोह नियमांच्या बाबतीत मात्र लोखंडी होत्या. कोच रोगाचं निदान करत नाही. औषध सुरू करत नाही, बंद करत नाही. पावडरी, गोळ्या, काढे विकत नाही. माणसानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर बोलत नाही, घरच्यांशीही नाही. आणि आपल्या कामाच्या कुंपणापलीकडचं काही दिसलं, तर तिथंच थांबून माणसाला योग्य त्या तज्ज्ञाकडे पाठवतो.

मी हात वर केला. "पण मी आहारतज्ज्ञ आहेच. मग आहार सांगितला तर?"

"इथं तुमची नोंदणी आहे?"

"नाही."

"मग इथं तुम्ही आहारतज्ज्ञ नाही. आणि तिकडे असाल तेव्हाही समोरच्याला आधी सांगायचं की आता मी कोणत्या खुर्चीत बसून बोलतेय. नाहीतर त्याला कसं कळणार?"

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

शनिवारी शिरीषकडे ओळखीची मंडळी जेवायला आली. बहुतेक पुण्या-मुंबईचे इंजिनिअर. पुरणपोळीचा घास तोंडात असतानाच एकेक जण मला गाठू लागला. एक गृहस्थ तर कुठल्याशा प्रोटीन पावडरीचा डबाच घेऊन आले होते. "ताई, तुम्ही कोच होताय ना? ही तुमच्या पेशंटना द्यायची. तुमचं कमिशन मी बघतो."

"मला ते चालत नाही हो," मी म्हणाले.

"अहो, नैसर्गिक आहे!"

"असेल. पण मी विकायला लागले, तर मी जे विचारीन ते तुमच्या भल्यासाठी की डब्यासाठी, हे तुम्हाला कसं कळणार?"

गृहस्थांनी डबा परत पिशवीत घातला आणि आणखी एक पोळी मागितली. वादापेक्षा पुरणपोळी बरी, हे कळणारा माणूस मला आवडतो.

मिस्टर चुआ

दुसऱ्या आठवड्यात आमची परीक्षा होती. प्रत्येकानं वस्तीतल्या एखाद्या स्वयंसेवकाबरोबर खरंखुरं, पूर्ण सत्र घ्यायचं, मिसेस गोह कोपऱ्यात बसून ऐकणार. सत्र पूर्ण झालं नाही तर प्रमाणपत्र नाही. माझं परतीचं तिकीट लगेच पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीचं होतं.

माझ्या वाट्याला मिस्टर चुआ आले. हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांच्याबद्दल लिहू का, असं मी नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "लिहा, पण नाव बदला. आणि दिसायला देखणा आहे असं लिहा." तर, मिस्टर चुआ दिसायला देखणे आहेत. सत्तरी ओलांडलेले, बंदरात आयुष्यभर क्रेन चालवलेले, रुंद खांद्यांचे. साखर आणि वजन वाढलं म्हणून मुलीनं त्यांना आमच्याकडे ढकललं होतं. बोलणं इंग्रजीतच झालं, मी ते इथं मराठीत देते.

"अंकल, आज कशाबद्दल बोलू या?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. डॉक्टर सांगतो, मुलगी सांगते, आता तुम्ही सांगा. भात कमी, साखर कमी, सगळं कमी."

"मी काही कमी करायला आले नाहीये. तब्येत छान झाली, तर पहिल्यांदा काय कराल?"

खिडकीबाहेर बस थांबली आणि गेली. कोल्हापुरात मी एवढ्या वेळात त्यांना पूर्ण आठवड्याचा आहार सांगून मोकळी झाले असते. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले.

"आह सेंगकडे जाईन," ते अखेर म्हणाले. "माझा दोस्त. बंदरात बरोबर होतो. आम्ही रोज बुद्धिबळ खेळायचो, चिनी बुद्धिबळ. त्याचे गुडघे गेले, तो खाली येत नाही. आणि त्यांच्या इमारतीची लिफ्ट जुनी, प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. त्याच्या घरी जायचं तर दोन मजले चढावे लागतात."

"आणि?"

"आणि मी जात नाही. बरेच महिने झाले. त्याला वाटतं मी रागावलोय."

"चढताना काय होतं, अंकल?"

त्यांनी पंजा छातीवर ठेवला. "इथं कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. हात जड होतो. थांबलं की जातं."

"डॉक्टरांना हे माहीत आहे?"

"कशाला? म्हातारपण आहे."

"शेवटचं कधी झालं?"

"आज सकाळी. इथं येताना. सपाट रस्त्यावर."

मी काय शिकले होते ते सगळं विसरून मी ताडकन म्हणाले, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला!"

मिस्टर चुआंनी हाताची घडी घातली. "कॅनॉट. तुम्हीपण तसल्याच. मी इथं बोलायला आलो होतो." आणि ते उठायला लागले. उठून रस्त्यानं चालत घरी जाणार होते.

मी मिसेस गोहकडे पाहिलं. त्या केव्हाच उभ्या राहिल्या होत्या, फोन त्यांच्या हातात होता. त्यांनी मला फक्त मान हलवून खूण केली: तू बोल.

मी श्वास घेतला. "अंकल, बसता का जरा? मला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही हो म्हणालात तरच सांगते."

ते अर्धवट उठलेले होते. माझ्याकडे पाहून परत खाली बसले. "सांगा."

"तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते माझ्या कामापलीकडचं आहे. मी कोच आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हे काय आहे ते मला ठरवता येत नाही. पण हे ऐकूनही मी तुमच्याशी भाताच्या गप्पा मारत बसले, तर ती तुमची फसवणूक होईल. हे आज डॉक्टरांनी बघायला हवं. खरं सांगू? मला भीती वाटतेय."

"तुम्हाला?" त्यांना नवल वाटलं. "मला काही होतंय तर तुम्हाला का भीती?"

"वाटतेय खरी. अंकल, जायचं ठरवलंत, तर कसं गेलेलं तुम्हाला चालेल? फक्त चालत नको."

त्यांनी खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अँब्युलन्स आली तर भोंगा नको. सगळी वस्ती मला ओळखते."

"भोंगा नको," मिसेस गोह फोनवर म्हणाल्या, जणू चहात साखर नको म्हणावं तसं.

अँब्युलन्स आवाज न करता आली. स्ट्रेचरवर बसताना मिस्टर चुआंनी स्वतःच मुलीला फोन लावला. दार बंद होताना मला म्हणाले, "तुमची परीक्षा होती ना? मी खराब केली."

वाट पाहणं

"तू थांबलीस ते बरोबर केलंस," मिसेस गोह म्हणाल्या. "पण सत्र अपूर्ण आहे. उद्या दुसऱ्या व्यक्तीबरोबर पूर्ण करायचं." मी थोडी हिरमुसले, पण मनात त्यांचा आदर वाढला. माझं कौतुक करून त्या सहज पास करू शकल्या असत्या. तसं त्यांनी केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एका निवृत्त शिक्षिकेबरोबर पूर्ण सत्र घेतलं आणि उत्तीर्ण झाले. त्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा नाचायला शिकायचं होतं. काय बोललो ते सांगत नाही, पण दोघी फार हसलो.

मिस्टर चुआंचं काय झालं, हे मात्र कळेना. शिरीष म्हणाला, "विजूताई, एवढी तळमळतेस तर हॉस्पिटलला फोन कर. माझ्या ओळखीचं कुणीतरी निघेल."

"नाही करता येत."

"अगं, तू तर त्यांना वाचवलंस!"

"वाचलेत की नाही तेच माहीत नाही. आणि त्यांची तब्येत ही त्यांची गोष्ट आहे. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील."

शिरीषनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याची बहीण कुणीतरी बदलून पाठवली आहे.

रविवारी तोच म्हणाला, "चल, पोहायला जाऊ." बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसला तो काम करायचा त्या कारखान्यातून त्याची कंपनीची बस यायची तेव्हा रोज अंधार पडलेला असायचा, सुट्टी तो झोपून काढायचा. कोल्हापुरात मात्र लहानपणी आम्ही दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो, पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून. सार्वजनिक तलावाच्या निळ्या पाण्यात शिरीषनं काठावरून अशी काही उडी मारली की लाइफगार्डनं शिट्टी फुंकली. इरा ओरडली, "बाबा, एवढं छान येतं तर आधी का नाही आलास?" ती मराठीत ओरडली. केतकीनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं, दोघींनीही काही बोलायचं नाही असं न बोलता ठरवलं.

दगडी टेबल

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मिसेस गोहचा फोन आला. "मिस्टर चुआ घरी आलेत. रक्तवाहिनी अडली होती, स्टेंट घातला. हे तुला सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. आणि तू ये असं म्हणतात. येतेस?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. क्वीन्सटाउनला पोहोचले तेव्हा मिसेस गोह स्टेशनबाहेर वाट पाहत होत्या. आह सेंग राहतात त्या इमारतीखाली एक दगडी टेबल आहे. तिथे मिस्टर चुआ बसले होते, थोडे उतरलेले, पण इस्त्रीचा शर्ट घातलेला. शेजारी त्यांची मुलगी. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"जिने अजून चढायचे नाहीत, म्हणतात," मिस्टर चुआ म्हणाले. "म्हटलं, वर जाता येत नाही तर निदान खाली बसतो. मुलीला वर पाठवून आह सेंगला सगळं सांगितलं. का येत नव्हतो ते."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. दार लावून घेतलं."

आम्ही बसलो. कुणीतरी आणलेली कोपी प्यालो. झेंडे हलत होते. मिस्टर चुआ हॉस्पिटलच्या जेवणाला नावं ठेवत होते, पण डोळे लिफ्टच्या दाराकडे जात होते.

बऱ्याच वेळानं लिफ्ट उघडली. आधी बाहेर आली एक मध्यमवयीन बाई, हातात बुद्धिबळाची लाकडी पेटी. तिच्यामागून दोन काठ्यांवर रेललेला एक किडकिडीत म्हातारा, पांढरा शर्ट, काळी पँट. ते आह सेंग. त्यांची मुलगी हसत आणि धापा टाकत मिसेस गोहना हॉक्कियन भाषेत काहीतरी सांगत होती. मिसेस गोहनी मला इंग्रजीत सांगितलं: दार लावून ते कपडे बदलत होते. मग लिफ्टच्या मजल्यापर्यंतचे दोन जिने ते लहान मुलासारखे बसून, एकेक पायरी घसरत उतरले. मुलीला उचलू दिलं नाही.

मिस्टर चुआ उठायला गेले. आह सेंग तिथूनच ओरडले. मिस्टर चुआ त्याहून मोठ्यानं ओरडले. मला एक शब्द कळत नव्हता, पण भांडण कशाचं होतं ते कळत होतं. मग आह सेंग टेबलापाशी आले, त्यांनी मिस्टर चुआंच्या छातीवर बोटानं टकटक केली, दार वाजवावं तशी, आणि दोघंही एकदम हसायला लागले. मुली डोळे पुसत होत्या. मिसेस गोहही पुसत होत्या, फक्त चष्मा पुसत असल्याचं दाखवून.

पेटी उघडली. लाकडी सोंगट्या टेबलावर टकाटक वाजू लागल्या. वसाहतीतले दोन-तीन म्हातारे येऊन उभे राहिले आणि चाली सांगू लागले, त्यांना दोघांनी मिळून गप्प केलं. पहिला डाव आह सेंगनी जिंकला. दुसरा अर्ध्यात असताना मिस्टर चुआंच्या मुलीनं घड्याळ दाखवलं: डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती.

मिस्टर चुआ नाइलाजानं उठले आणि काहीतरी म्हणाले. मिसेस गोहनी मला सांगितलं, "म्हणतायत, महिन्याभरात मी वर येतो, मग हा डाव पुरा करू."

आह सेंगनी मान हलवली. टेबलाला धरून ते उभे राहिले, मागे वळले. जिन्यांनी त्यांच्या त्या चांगल्या काळ्या पँटची मागची बाजू धुळीनं पांढरी करून टाकली होती. त्यांनी ती दोनदा झटकली, धूळ काही गेली नाही. मग त्यांनी उत्तर दिलं, आणि जमलेले सगळेच खो खो हसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"महिनाभर कोण थांबतंय, म्हणाले," मिसेस गोह हसू आवरत म्हणाल्या. "उद्या जुनी पँट घालून येतो."